घरगुती ध्वनिमुद्रणासाठी मॉनिटर कंट्रोलरची निवड : नवी मुंबईतील सदनिकेच्या संदर्भात

प्रस्तावना

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आकाराला आली. शहर वाढले तरी दिवाळे, करावे, घणसोली यांसारखी मूळ गावे इमारतींच्या दाटीत टिकून आहेत. या गावांतील आगरी समाजाच्या लग्नविधीत धवलारीण जे धवले गाते ते मौखिक परंपरेचे मोलाचे धन आहे. लोकसाहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी अशा गीतांचे ध्वनिमुद्रण करतात तेव्हा ते सहसा व्यावसायिक स्टुडिओत होत नाही, सदनिकेतील एखाद्या खोलीत होते. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत व्याख्याने मुद्रित करण्यासाठी अनेक प्राध्यापकांनी मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस आणि मॉनिटर स्पीकरची जोडी घरी आणली. तीच सामग्री आता या कामी येते. मात्र इंटरफेस आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणाऱ्या मॉनिटर कंट्रोलरचा विचार फारसा होत नाही. झालाच तर त्यावर किती कळा आहेत एवढाच होतो. हा कंट्रोलर कोणत्या कसोट्यांवर निवडावा, याची चर्चा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कंट्रोलरचे कार्य

मुद्रित ध्वनी संगणकातून इंटरफेसकडे व तेथून स्पीकरकडे जातो. या शेवटच्या टप्प्यावर आवाजाची पातळी कमी-अधिक करणे, स्पीकरच्या दोन जोड्यांपैकी एक निवडणे, दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकवणे आणि आवाज तत्काळ बंद करणे ही कंट्रोलरची कामे होत. ध्वनिफीत ज्या मार्गाने मुद्रित होते त्या मार्गात तो नसतो. त्यामुळे त्यातील दोष मुद्रणात उतरत नाही, तो ऐकणाऱ्याच्या निर्णयात उतरतो. वजनकाटा खोटा असला तरी धान्य बदलत नाही, पण व्यवहार चुकतो. तसाच हा प्रकार आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्यांच्याकडे स्पीकरची एकच जोडी आहे आणि ज्यांच्या इंटरफेसवर स्पीकरच्या पातळीची स्वतंत्र व चांगली कळ आहे, त्यांना वेगळा कंट्रोलर घेण्याची गरज बहुधा नाही. ज्यांना पातळी संगणकावरच कमी करावी लागते त्यांची अडचण खरी आहे. २४ बिटच्या ध्वनीत ३० डेसिबल कमी केल्यास सुमारे ५ बिट खर्ची पडतात. ते एक वेळ चालते. परंतु इंटरफेसचा स्वतःचा विद्युत गोंगाट तेवढाच राहतो आणि ध्वनी मात्र ३० डेसिबलने खाली येतो. शिवाय एखाद्या वेळी सॉफ्टवेअरची पातळी आपोआप पूर्ण चढली, तर स्पीकर आणि कान या दोघांनाही इजा होऊ शकते.

ऐकण्याची पातळी : मूळ प्रश्न

मानवी कान सर्व कंप्रतांना सारखा प्रतिसाद देत नाही, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. पुढे आयएसओ २२६ या मानकात त्याचे सुधारित आलेख आले. त्यांचा व्यावहारिक अर्थ असा की, ऐकण्याची पातळी २० डेसिबलने कमी केली की १००० हर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झचा ध्वनी आणखी सुमारे ६ डेसिबल दबल्यासारखा वाटतो. आपल्याकडील विद्युतपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने पंखा, शीतकपाट आणि सदोष जोडणी यांची गुणगुण नेमकी ५० व १०० हर्ट्झवर असते. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला ती जाणवत नाही आणि धवल्याबरोबर संग्रहात तीही कायमची जमा होते.

रात्री हळूच ऐकावे लागते, हीदेखील सदनिकेची वस्तुस्थिती आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी आहे. नियम बाजूला ठेवला तरी शेजारधर्म आहेच. म्हणून काम दोन पातळ्यांवर करावे लागते, आणि त्या दोन्ही पातळ्या ठरलेल्या व पुन्हा तंतोतंत साधता येणाऱ्या असाव्या लागतात.

अमेरिकेतील दूरचित्रवाणी क्षेत्राच्या ए/८५ या शिफारशीत १५०० घनफुटांपेक्षा लहान खोलीसाठी ७६ डेसिबल ही पातळी सुचवली आहे. १० बाय १२ फुटांची आणि साडेनऊ फूट उंचीची खोली ११४० घनफुटांची होते, म्हणजे ती याच गटात मोडते. ‘पिंक नॉइज’ नावाचा चाचणी-ध्वनी उणे २० डेसिबलवर वाजवावा, एकेक स्पीकर स्वतंत्रपणे सुरू करून कानाच्या जागी ध्वनिमापकाने मोजावे आणि ७६ चा आकडा आला की कंट्रोलरच्या कळीपाशी खूण करावी. ज्या कंट्रोलरची कळ खाचाखाचांनी फिरते त्यावर ही खूण विश्वासार्ह राहते. सलग फिरणाऱ्या गुळगुळीत कळीवर ती अंदाजाची असते. निवडीची पहिली कसोटी हीच असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डावे-उजवे संतुलन

दुसरी कसोटी अनुभवातून सुचली. लेखकाने आरंभी घेतलेला एक स्वस्त कंट्रोलर खालच्या पातळीवर डावी वाहिनी अधिक मोठी ऐकवत असे. परिणामी एका मुद्रणात तानपुरा दोन रात्री उजवीकडे सरकवला गेला. तिसऱ्या दिवशी हेडफोनवर ऐकल्यावर चूक कळली. एकाच दांड्यावर बसवलेले दोन फिरते रोध तळाच्या भागात क्वचितच जुळतात आणि त्यांत दोन-तीन डेसिबलचा फरक सहज पडतो. दुकानात तपासणी सोपी आहे. दोन्ही वाहिन्यांवर एकच आवाज लावून कळ हळूहळू खाली आणावी; आवाज मध्यावरून हलला तर ते यंत्र परत ठेवावे. यंत्र आधीच घेतले असेल, तर स्पीकरच्या मागील कळ कमी करून कंट्रोलर मधल्या भागात चालवावा. तेथे जुळणी बरी असते.

सक्रिय की निष्क्रिय

निष्क्रिय कंट्रोलरमध्ये केवळ रोध व कळा असतात. मॅकी कंपनीचा बिग नॉब पॅसिव्ह हे त्याचे परिचित उदाहरण. सक्रिय प्रकारात वर्धक मंडल असते, त्याला वीज लागते आणि त्याची किंमतही चढी असते. ड्रॉमरचा एमसी २.१ या वर्गातला. निष्क्रिय यंत्राने तार कंप्रता नष्ट होतात, असा समज आहे. गणित करून पाहावे. १० किलोओहमचा रोध मध्यावर असताना बाहेरचा रोध फार तर २.५ किलोओहम होतो. तारेची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली तर ३ मीटर तारेत घट सुमारे २१२ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होते. ती श्राव्य मर्यादेच्या कितीतरी पलीकडे आहे. तार ३० मीटर असेल तरच ही घट २१ किलोहर्ट्झपर्यंत खाली येईल, आणि सदनिकेत एवढी तार कोण अंथरतो? घरासाठी निष्क्रिय यंत्र पुरेसे आहे. हेडफोनचे स्वतंत्र वर्धक हवे असेल तर मात्र सक्रिय यंत्राचा विचार करावा.

पदार्थविज्ञान विभागातील सहकारी मदतीला असतील, तर लॅमिंग्टन रोडवरून एक टक्का अचूकतेचे रोध आणि अनेक टप्प्यांची फिरती कळ आणून असे यंत्र प्रयोगशाळेतही तयार करता येते. त्यात दोन वाहिन्यांतील फरक अर्ध्या डेसिबलच्या आत राहतो. फक्त इंटरफेस व स्पीकरची जोडणी संतुलित असल्यास प्रत्येक वाहिनीच्या दोन्ही तारांवर सारखेच नियंत्रण हवे. एकाच तारेवर रोध बसवला तर गुणगुण घटण्याऐवजी वाढते.

मोनोची कळ

दोन्ही वाहिन्या एकत्र करणारी मोनोची कळ चैनीची समजली जाते. लोकगीतांच्या मुद्रणात ती अत्यावश्यक आहे. दोन मायक्रोफोन लावले आणि गायिकेपासूनच्या त्यांच्या अंतरांत ३४ सेंटिमीटरचा फरक पडला, तर ध्वनी एकाकडे दुसऱ्यापेक्षा एक सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. दोन वाहिन्या एकत्र होताच ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ अशा जागी ध्वनी कापला जातो आणि आवाज पोकळ होतो. मुद्रण पुढे भ्रमणध्वनीच्या एकाच स्पीकरवर ऐकले जाणार असल्याने हा दोष सर्वांपर्यंत पोहोचतो. तो गायिका समोर बसलेली असतानाच कळला पाहिजे. धवलारीण वयोवृद्ध असते, दुसरी बैठक होईलच याची खात्री नसते. एक कडवे मुद्रित करून, मोनोची कळ दाबून ऐकावे आणि मायक्रोफोन हलवून मगच पुढे जावे.

कलावंताशी बोलण्याची टॉकबॅक सोय मात्र खुशाल वगळावी. गायिका त्याच खोलीत, दोन हातांवर बसलेली असते. मुद्रण चालू असताना स्पीकर बंद ठेवून हेडफोनवर ऐकायचे असल्याने आवाज तत्काळ बंद करणारी कळ मात्र हवीच.

मुद्रणाच्या नोंदीत गायिकेचे गाव, प्रसंग व दिनांक लिहितो, त्याच ओळीत अंतिम श्रवण कोणत्या खुणेवर केले तेही लिहून ठेवावे. वर्षभराने दुसरा अध्यापक ती फीत उघडेल तेव्हा त्याला कळ कोठे ठेवायची हे कळेल.