थैली कोणाची, पहारा कोणाचा?

निवडणूक जवळ आली म्हणजे उमेदवाराच्या तोंडी दोन वाक्ये हमखास येतात. ‘खर्चाला आळा घालीन’ हे एक, आणि ‘तुमचे रक्षण करीन’ हे दुसरे. दोन्ही ऐकावयास गोड. पण रक्षणाला पैसा लागतो, आणि तो कोठून येणार हे उमेदवाराने सांगितल्यावाचून त्याच्या बोलण्याची किंमत ठरत नाही. कामगारांना मालकाचा ताळेबंद वाचावयास शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली. तीच नजर सरकारी अंदाजपत्रकाकडे वळविली तर काय दिसते, हे मी अमेरिकेतील एका काउंटीच्या उदाहरणाने सांगणार आहे. उदाहरण दूरचे घेतले, कारण तेथे हा वाद थेट लोकांच्या मताला टाकण्यात आला.

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी येते. अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या त्या देशात आहेत. आपल्या जिल्ह्यासारखीच ती, असे प्रथम वाटते. पण एक मोठा फरक आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा शाळा, दवाखाने व रस्ते त्यांच्याकडे आले; पोलीस राज्य सरकारकडेच राहिले. तिकडे मात्र अनेक ठिकाणी निराधारांची मदत आणि पोलिसांचा पहारा ही दोन्ही कामे काउंटीच्या एकाच थैलीतून चालतात. पोलिसांचा प्रमुख तो शेरीफ. मुंबईत शेरीफ हे नुसते मानाचे पद होते. तिकडे बहुतेक राज्यांत तो लोकांच्या मतांवर निवडून येतो, आणि हत्यारी शिपाई व तुरुंगाच्या किल्ल्या त्याच्या हाती असतात.

लॉस एंजेलिस काउंटीची लोकवस्ती २०२० च्या खानेसुमारीत एक कोटीच्या वर भरली. त्या वेळी तिचा कारभार पाच सुपरवायझरांचे मंडळ पाहत असे. म्हणजे एकेका सभासदामागे सुमारे वीस लाख माणसे. काउंटीत ८८ शहरे आहेत. त्यांतील अनेक स्वतःचे पोलीस ठेवीत नाहीत, काउंटीला पैसे देऊन शेरीफचा पहारा घेतात. लेकवूड या शहराने १९५४ मध्ये ही वाट घालून दिली.

आता गंमत पाहा. पैसा मंजूर करणार मंडळ आणि खर्च करणार शेरीफ; दोघेही लोकांनीच निवडलेले, तेव्हा कोणी कोणाचा नोकर नाही. २०१९ साली शेरीफच्या खात्यात तूट आली, तेव्हा मंडळाने त्या खात्याची १४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम रोखून धरली. तुटीची चर्चा झाली तेव्हा ओव्हरटाइमचा खर्च पुढे आला. ओव्हरटाइम म्हणजे काय हे गिरणीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. जागा रिकाम्या, माणसे थोडी, आणि त्याच थकलेल्या माणसांकडून दुप्पट काम. ‘पहारा वाढवीन’ म्हणणाऱ्या उमेदवाराला म्हणूनच विचारावे की, नव्या जागा भरणार, की आहेत त्यांनाच रात्री जागविणार?

दुसरी गोष्ट थैलीची. २०२०-२१ सालचे त्या काउंटीचे अंदाजपत्रक ३५ अब्ज डॉलरांच्या वर होते आणि त्यातले ३ अब्जांहून अधिक शेरीफच्या खात्याचे. आकडा प्रचंड दिसतो. पण त्यातील बराच पैसा राज्य व केंद्र सरकारकडून ठराविक कामासाठी येतो आणि त्याच कामावर खर्चावा लागतो. मंडळाला मोकळेपणाने वाटता येईल असा भाग त्या मानाने लहान, आणि खरी भांडणे त्याच भागावर होतात. एकूण आकड्याकडे बोट दाखवून ‘पैसा भरपूर आहे’ म्हणणारा उमेदवार अर्धेच सांगतो.

याच मोकळ्या भागावर नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मेझर जे’ नावाचा प्रस्ताव मताला आला. काउंटीच्या स्वतःच्या, बंधन नसलेल्या उत्पन्नातील निदान १० टक्के रक्कम घरे, रोजगार, मनोरुग्णांचे उपचार अशा कामांसाठी राखावी, आणि ती पोलीस वा तुरुंग यांवर खर्चू नये, असा तो प्रस्ताव. त्यामागे एक अनुभव होता. काउंटीच्या तुरुंगात मानसिक आजाराची माणसे फार मोठ्या संख्येने कोंडलेली होती. त्यांच्यासाठी नवी इमारत बांधण्याचा सुमारे १.७ अब्ज डॉलरांचा करार मंडळाने ऑगस्ट २०१९ मध्ये रद्द केला होता. आजाऱ्याला कोठडीत ठेवणे हे रक्षण, की त्याला वेळीच औषध देणे हे रक्षण, असा हा सवाल होता.

सुमारे ५७ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. त्याविरुद्ध कोर्टात गेले कोण? काउंटीच्या नोकरांच्या संघटनांची आघाडी. संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला ही गोष्ट सहज सोडून देता येत नाही. सभासदाची नोकरी राखणे हा संघटनेचा धर्म आहे, आणि मोकळा पैसा एकदा बांधला की मंदीच्या वर्षी कपात नोकरांवर येते, ही भीती खोटी नव्हे. परंतु पगार राखण्यासाठी कोठड्या भरलेल्या राहाव्या लागत असतील, तर त्या भाकरीची चव कडू होते. माझ्या मते संघटनेने तुरुंगातल्या नोकराला उपचाराच्या कामावर, त्याच पगारात, बदलून घेण्याची मागणी करावयास हवी होती.

२०२१ मध्ये खालच्या कोर्टाने प्रस्ताव बेकायदा ठरविला, कारण मंडळाचा पैसे वाटण्याचा अधिकार त्याने आवळला जातो. जुलै २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तो उचलून धरला. एवढ्यावर कथा संपत नाही. मंडळ पाचाचे नऊ सभासदांचे करण्याची घटनादुरुस्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. पुढे २०२५ मध्ये असे उघडकीस आले की, कचेरीच्या चुकीने ‘मेझर जे’चा मजकूर काउंटीच्या घटनापत्रात चढविलाच गेला नव्हता, आणि दुरुस्ती न झाल्यास नव्या बदलाबरोबर २०२८ च्या अखेरीस तो रद्द होणार होता. लाखो लोकांनी मिळविलेले, कोर्टात टिकलेले कलम कारकुनी गलथानपणाने धोक्यात आले! आमच्याकडेही करारावर सह्या झाल्यावर तो नोंदला गेला की नाही हे कोणी पाहिले नाही, तर हाती कागदच उरतो.

तात्पर्य, उमेदवार कोणत्या पक्षाचा हे विचारण्याआधी त्याला विचारावे: तू ज्या पैशाविषयी बोलतोस तो मोकळा आहे की बांधलेला? तो खर्च करणारा माणूस तुझ्या अधिकारात येतो का? एका जागी वाढविलेस तर कोठून काढशील? आणि निवडून आल्यावर तुझा शब्द कोणत्या कागदावर उतरेल? या प्रश्नांना जो सरळ उत्तरे देईल, तो आपल्या मताविरुद्ध बोलला तरी आदराने ऐकावा. जो उत्तरादाखल पुन्हा ‘तुमचे रक्षण करीन’ एवढेच म्हणेल, त्याला अंदाजपत्रक हाती देऊन पान उघडावयास सांगावे.