पाटे वाढवलेली पिकअप

दुपारी १. पहाटे वाशीहून निघालेली गाडी तासन्‌तास झाडाखाली उभी असते, टायर गार झालेले असतात. हवा बघायची तर आत्ताच. चार मैल पळवून पंपावर बघितली तर टायर तापून काटा वर चढलेला असतो, आणि आपण ‘बरी आहे’ म्हणत पुढे जातो. त्यामुळे गेज मी स्वतःचा ठेवलाय. हवा बघता बघता टायरवरून तळहातही फिरवतो. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं टोचलं, की समजायचं अलाइनमेंट गेली. टायर सरळ फिरत नाही, घासत चाललाय, आणि घासायला लागतं ते डिझेल आपलंच.

गाडी जुनी बोलेरो पिकअप. आधीच्या मालकाने मागे स्प्रिंगचे पाटे वाढवले आणि कंपनीच्या २१५/७५ आर १५ टायरांच्या जागी २३५/७५ घातले. गाडी उंच दिसते, पोरं वळून बघतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मोकळीक देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. नवी गाडी घेणाऱ्याला मी सांगतो, या फंदात पडू नकोस. माझे टायर पुढच्या पासिंगआधी मूळ मापाचे होतील. पाटे काढायला अजून मन होत नाही, त्याचं कारण तीन वाजता दिसतं.

दुपारी ३. ओतूरच्या अलीकडे शेतात. रात्री पाऊस झालेला, ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे चिखलाचा उंचवटा. मूळ उंचीची गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसते. मग ट्रॅक्टर बोलवा, दोर लावा. तेव्हा डिझेल वाचवायचं ते उंची सोडून बाकी सगळीकडून.

सगळ्यात आधी वाऱ्याकडून. उंच गाडीच्या खालून वारं जास्त शिरतं, त्यात वर माल चढवला की गाडी भिंत होऊन पळते. शेतकऱ्याला ते पटत नाही.

“भाऊ, टपाच्या वर अजून दोन थर बसतील की.”

“बसतील आबा, पण वाऱ्याचं भाडं कोण देणार?”

टोमॅटोचे क्रेट केबिनच्या उंचीपर्यंतच. ताडपत्री चारी बाजूंनी दोरखंडाने आवळायची. फडफडणारी ताडपत्री सगळ्यांना ऐकू येते, तिचा खर्च मात्र कोणी धरत नाही.

संध्याकाळी ७. आळेफाट्याला डिझेल. नेहमीचा पंप, नेहमीचं नोझल, पहिल्या ऑटो-कटला बंद. “राउंड फिगर करू का?” म्हणणाऱ्या पोराला रोज नाही म्हणावं लागतं, वरून ओतलेलं ते अर्धा-पाऊण लिटर सगळा हिशेब नासवतं. मोठ्या टायरचीही एक गंमत आहे. त्याचा घेर कंपनीच्या टायरपेक्षा साधारण चार टक्क्यांनी मोठा, म्हणून मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०४ चाललेली असते. म्हणजे मीटरवरून ॲव्हरेज १० निघालं तर खरं १०.४. टायर बदलून ‘ॲव्हरेज पडलं’ म्हणणाऱ्यांचा थोडा तोटा कागदावरचाच असतो. बाकीचा खरा: जड टायर दर सिग्नलनंतर नव्याने फिरवावा लागतो.

रात्री ९. माळशेज घाट. माल भरून उतरायचं आणि रिकाम्या गाडीने चढायचं, हे आमच्या बाजूचं नशीब. इथे बरेच जण न्यूट्रल टाकतात, काही तर इंजिनही बंद करतात. मला या बचतीची चीड येते. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल पंप इंधन तोडतो; चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केलं तर ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूमही दोन-चार दाबांत संपतो. धुकं, दरडीचे दगड, मागे भरलेली गाडी. मी तिसऱ्यात उतरतो.

रात्री ११. मुरबाडच्या पुढे चहा. चहाआधी चारही चाकांजवळ हात नेतो, ड्रमला लावत नाही. आज मागचं डावं तापलंय, बाकीची नुसती कोमट. हँडब्रेकची केबल अडकते, लायनर ड्रमला चिकटून राहतात. चालवताना काहीच कळत नाही, गाडी फक्त ‘जड’ वाटते, आणि मग लोक इंजिनचं काम काढतात. केबल सैल करून घेतली.

पुढे सपाट रस्ता, काटा ५५-६०. ८० वरून ६० वर आलं की वाऱ्याचा अडथळा जवळपास निम्मा होतो. जुन्या उंच गाडीत यापेक्षा स्वस्त दुरुस्ती नाही.

रात्री २. वाशी. मार्केटच्या गेटवर रांग. रांग हलेना की इंजिन बंद. नवशिके पंख्यासाठी चालू ठेवतात.

पहाटे ५. रिकामे क्रेट घेऊन परत. वजन नाही, पण ढीग उंच रचला तर वारं तेवढंच. मी पसरून ठेवतो, वर जाळी. माळशेज चढताना टॉप गिअरमध्ये इंजिन कण्हू द्यायचं नाही. वेळेवर खालचा गिअर टाकला की काळा धूर येत नाही. खालच्या गिअरमध्येही धूर दिसला तर आधी एअर फिल्टर उघडायचा. शेतातली धूळ तिथेच साचते.

सकाळी ९.३०. तोच पंप, पहिला कट. जाणं-येणं मिळूनच ॲव्हरेज धरायचं. नुसत्या उताराचं काढलं तर आकडा बघून हुरळून जायला होतं. आजचं ११ ला जरा कमी, चार टक्के धरून. वहीत लिहिलं, खाली ‘डावी केबल बदलणे’. पंपावरचा एक जण इंधन पाइपला लावायचं चुंबक दाखवत होता, किंमत सांगत होता. केबल त्याहून स्वस्त पडते. दुपारी गॅरेजला टाकतो.