टच लागत नाही म्हणून जोरात दाबताय?

‘टच लागत नाहीये? जरा जोरात दाबा.’ छत्रपती संभाजीनगरात हा सल्ला पैठण गेटच्या मोबाइल दुकानांत मिळतो, वाळूजच्या शॉप फ्लोअरवर मिळतो आणि रेशनच्या रांगेतही मिळतो. तिन्ही ठिकाणची यंत्रं वेगळी, बोट ओळखण्याची त्यांची रीतही वेगळी. सल्ला खरा ठरतो तो यांपैकी एकाच ठिकाणी.

आधी फोन. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक रेषांची आडवी-उभी जाळी असते. दोन रेषा जिथे एकमेकींवरून जातात तिथे इवलंसं विद्युतक्षेत्र तयार होतं. बोट जवळ आलं की त्यातला काही भाग शरीराकडे ओढला जातो आणि त्या छेदापाशी धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, घटते. ही घट एका पिकोफॅरडच्याही अंशाएवढी असते. फोनमधली चिप सेकंदाला ६० ते १२० वेळा, काही फोनांत त्याहूनही जास्त वेळा, सगळे छेद तपासते. रेषांमधलं अंतर साधारण ४-५ मिलिमीटर, तरी बोटाची जागा मिलिमीटरहून बारीक कळते. कारण एका बोटाखाली शेजारशेजारचे बरेच छेद येतात. कुठे किती घट झाली ते पाहून चिप बोटाचा मध्य काढते. या सगळ्या हिशेबात जोराला जागाच नाही.

मग जोरात दाबल्यावर कधीकधी लागतं ते कसं? दाबलं की बोटाचं टोक चपटं होतं, काचेला जास्त जागा टेकते आणि घट वाढते. उपयोग होतो तो बोट पसरल्याचा.

बोटाच्या उबेवर टच चालतो, हा समजही असाच पक्का बसलाय. फ्रिजमधली गार काकडी हातात धरून स्क्रीनवर फिरवून पाहा. ती बोटासारखीच चालते, कारण तिच्यातल्या पाण्यातून आणि क्षारांतून वीज वाहते. उन्हात तापलेलं कोरडं लाकडी लाटणं मात्र काही करणार नाही.

शेतात, बांधकामावर राबलेल्या हातांना फोन दाद देत नाही तो याचमुळे. त्या बोटांवर मेलेल्या कातडीचा जाड थर असतो, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो आणखी सुकतो. वीज वाहणारा जिवंत भाग जाळीपासून लांब राहतो. वर जाड टेम्पर्ड ग्लास असली तर अजून लांब. ‘मला मेलीला हे काही जमत नाही’ म्हणत एखादी आजी फोन नातवाच्या हातात देते, तेव्हा फार वाईट वाटतं. तिचं काहीच चुकलेलं नसतं. बोट किंचित ओलसर करावं, नखाजवळच्या टोकाऐवजी पेराचा भरीव भाग टेकवावा आणि सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायची सोय असेल, तर नातवाने ती चालू करून द्यावी.

चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप उड्या मारायला लागली की ‘व्हायरस शिरला’ म्हणून लोक फोन फॉरमॅट करून घेतात. आधी चार्जर काढून पाहा. हलक्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट इतक्या सूक्ष्म मोजमापात सहज मिसळतो. पावसाचे थेंबही असाच घोळ घालतात.

कारखान्यांतल्या मशीनच्या पॅनेलवर अजूनही रेझिस्टिव्ह टच भेटतो. वर लवचीक पापुद्रा, खाली काच, दोन्हींवर वीज वाहणारा लेप आणि मध्ये बारीक ठिपक्यांनी राखलेली फट. दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो. एका थराच्या दोन टोकांत ५ व्होल्ट दिले आणि टेकल्या जागी ३ व्होल्ट मिळाले, तर बोट तीन-पंचमांश अंतरावर आहे. मग थरांची अदलाबदल करून दुसरी दिशा मोजायची. इथे दाबावंच लागतं. हातमोजा घातलेला असो की हातात पेनाचं टोपण असो, सगळं चालतं. जुनं तंत्र म्हणून याला नाकं मुरडणाऱ्यांनी हातमोजे घालून फोन वापरून पाहावा.

वाळूजमध्येच एंड्रेस+हाउजर ही स्विस कंपनी फ्लोमीटर बनवते. तिच्या प्रोलाइन मालिकेतल्या अनेक मीटरांच्या कळा तर स्पर्शही ओळखत नाहीत. काचेआडून अवरक्त किरण बाहेर येतात, समोरच्या बोटावरून परततात आणि तेवढ्यावर कळ ‘दाबली’ जाते. स्फोटाचा धोका असलेल्या जागी मीटरचं झाकण उघडायचं नसतं. तिथे ही युक्ती मोलाची ठरते.

खरा दाब मोजायचा तर वेगळी सोय करावी लागते. ॲपलने २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये ती केली होती. दाबल्यावर काच किंचित वाकते, तिच्यात आणि खालच्या सेन्सरमध्ये असलेली फट कमी होते आणि धारिता बदलते. २०१९ च्या आयफोन ११ मध्ये ही सोय उरली नाही. आज बहुतेक फोनांत ॲपला मिळणारा दाबाचा आकडा म्हणजे बोट किती पसरलं यावरून बांधलेला अंदाज. चित्रकारांच्या वॅकॉम टॅब्लेटवर रेघ जाड-बारीक होते, ती पेनातल्या सेन्सरमुळे. त्यातल्या बहुतेक पेनांना बॅटरी लागत नाही, पाटीतून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर ती चालतात.

राहिला रेशनचा अंगठा. पॉस मशीनचा स्कॅनर सहसा प्रकाशाने ठशाचं चित्र घेतो. काचेला टेकलेल्या रेघा गडद उमटतात, मधल्या खाचा उजळ. जोरात दाबलं की रेघा पसरून एकमेकींत मिसळतात, मग जुळणार काय? उलट सुकलेल्या बोटाच्या रेघा तुटक उमटतात. हात धुऊन, किंचित ओलावा ठेवून बोट हलकेच टेकवावं. नाहीच लागलं तर दुसरं बोट द्यावं. ‘अंगठा लागत नाही, धान्य मिळणार नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकून परत फिरू नये. आधारची पडताळणी झाली नाही, एवढ्या कारणावरून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नका, असं केंद्र सरकारने राज्यांना २०१७ मध्येच लेखी कळवलं आहे.