पायरीपायरीने वाढणारा कर : परभणीपासून कोलंबोपर्यंत
(आकडे २०२५-२६चे, भारताचे नव्या करप्रणालीनुसार)

प्रगतिशील कर : उत्पन्न वाढेल तसा वरच्या टप्प्यावर दर चढतो. वरचा दर सगळ्या उत्पन्नाला लागत नाही. गल्लत होते ती इथेच. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकाचे करपात्र उत्पन्न १६ लाख असेल, तर शेवटचा टप्पा १५ टक्क्यांचा. प्रत्यक्ष कर १ लाख २० हजार, म्हणजे सरासरी साडेसात टक्के (४ टक्के उपकर वेगळा).

सर्वोच्च दर (अधिभार वगळून)
• भारत : ३० टक्के, २४ लाखांच्या पुढे. १२ लाखांपर्यंत करसवलतीमुळे शून्य.
• पाकिस्तान : पगारदारांना ३५
• श्रीलंका : ३६, सुरुवात ६ टक्क्यांपासून
• नेपाळ : ३९, सुरुवात १ टक्क्यापासून
• चीन : ४५, सात टप्पे, ३ टक्क्यांपासून

भारतात १९७३-७४ साली हाच दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता.

शेती : परभणी जिल्ह्यातल्या मानवत-सेलूच्या शेतकऱ्याच्या कापूस-सोयाबीनवर केंद्राचा आयकर नाही, शेतीवरचा कर हा राज्यांचा विषय. मात्र दुसरे करपात्र उत्पन्न असेल, तर त्याचा दर ठरवताना पाच हजारांवरचे शेती उत्पन्न हिशेबात धरतात.

व्यवसाय कर : महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. पगार महिना १५ हजार असो वा दीड लाख, पुरुष नोकरदाराला रक्कम तीच. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर माफी.

परभणीत भारतीय आयकर केव्हापासून? जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. भारतीय आयकर कायदा तिथे १ एप्रिल १९५०पासून लागू झाला.