चाल आणि वेग : दोन शब्दांची वाटणी

रोजच्या मराठीत चाल, वेग आणि गती यांत आपण फारसा भेद करत नाही. ‘गाडी वेगात आहे’ असे म्हणताना ती कोणत्या दिशेला चालली आहे, हे कुणी सांगत नाही. रस्त्यावरच्या फलकावर ‘वेगमर्यादा’ असे लिहिलेले असते. तिथे अभिप्रेत असते ती चालच. पदार्थविज्ञानात मात्र या शब्दांची वाटणी झालेली आहे. ती न समजता व्याख्या पाठ केली, की विद्यार्थी पहिल्याच उदाहरणात अडतो.

बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्गाचे उदाहरण घेऊ. हुमनाबादवरून जाणारा हा सुमारे 110 किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर 2017 मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याआधी रेल्वेनेच जायचे तर विकाराबाद आणि वाडी असा सुमारे 240 किलोमीटरचा वळसा पडे. गावे मात्र आपल्या जागीच आहेत. बीदरहून कलबुर्गी सरळ रेषेत नैऋत्येला सुमारे 100 किलोमीटर. हे तेव्हाही तेवढेच होते, आजही तेवढेच आहे. कापलेल्या वाटेची लांबी म्हणजे अंतर. निघाल्या जागेपासून पोहोचल्या जागेपर्यंतची सरळ रेषा, तिच्या दिशेसह, म्हणजे विस्थापन.

हिशेबापुरते धरू, की जुन्या वाटेने 6 तास लागत आणि नव्या वाटेने अडीच तास लागतात. अंतराला वेळेने भागले, की सरासरी चाल मिळते : जुन्या वाटेवर ताशी 40 किलोमीटर, नव्या वाटेवर 44. फरक थोडाच. विस्थापनाला वेळेने भागले, की सरासरी वेग मिळतो : आधी नैऋत्येकडे ताशी सुमारे 17 किलोमीटर, आता 40. चाल जेमतेम वाढली. वेग दुपटीहून अधिक झाला. प्रवासी त्याच दिवशी बीदरला परतला, तर त्याचे अंतर 220 किलोमीटर भरते, पण विस्थापन शून्य. म्हणून पूर्ण फेरीचा सरासरी वेगही शून्य. चाल मात्र शून्य नाही.

वळणावर हा भेद आणखी स्पष्ट होतो. काटा ताशी 50 वर स्थिर असला, तरी गाडीची दिशा क्षणोक्षणी बदलत असते. चाल कायम राहते, वेग बदलतो. आणि वेग बदलतो म्हणून त्वरण असते. काटा फक्त चाल दाखवतो. दिशा त्याला ठाऊक नसते.

मराठी पाठ्यपुस्तकांत ‘चाल’ आणि ‘वेग’ अशी जोडी आहे, तर कन्नड पाठ्यपुस्तकांत ‘जव’ आणि ‘वेग’. माध्यम बदलणाऱ्या सीमाभागातील मुलांना ‘वेग’ दोन्हीकडे भेटतो. बदलतो तो केवळ जोडीदार. ‘चाल’ शब्द गाण्यालाही चालतो आणि बुद्धिबळालाही, म्हणून तो शास्त्राला अपुरा ठरत नाही. इंग्रजीतही बोलताना या दोन संज्ञांची सरमिसळ होतेच. परिभाषा हा शास्त्रापुरता केलेला करार असतो. शिक्षकांनी आधी वाट आणि सरळ रेषा फळ्यावर काढून दाखवावी आणि शब्द त्यानंतर द्यावेत. मग उत्तराशेजारी दिशा का लिहायची, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.