जुनी मोटारसायकल तपासणीत नापास का होते?



गाळप हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, पंप-टर्बाइन उघडले जातात आणि बॉयलरची तपासणी होते. बॉयलर गेल्या हंगामात कितीही चांगला चालला असला, तरी निरीक्षकाचा दाखला मिळाल्याशिवाय पुढच्या हंगामाला त्यात आग पडत नाही. दाखलाही कायमचा नसतो, मुदत संपली की पुन्हा तपासणी ठरलेली. यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

पण ज्या मोटारसायकलीवरून आपण उसाची नोंद द्यायला गट ऑफिसला जातो, रात्री फडावर चक्कर टाकतो, मुलांना शाळेत सोडतो, ती कोण तपासतो? प्रवासी व मालवाहू गाड्यांना ठराविक मुदतीने फिटनेस घ्यावा लागतो. घरच्या मोटारसायकलीला ते बंधन नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तिची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी होऊन दर वेळी पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. म्हणजे पंधरा वर्षे गाडीकडे कोणी बघितलेले नसते, आणि मग एकदम परीक्षा.

पंधरा वर्षे म्हणजे भंगार नव्हे

पहिला गैरसमज इथेच आहे. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. तो महाराष्ट्रासाठी नव्हता. पण तेवढ्यावरून कित्येकांनी चांगल्या चालत्या गाड्या मातीमोल भावाने फुंकल्या, आणि कित्येकांनी ‘आता कशाला नूतनीकरण’ म्हणून कागदच सोडून दिले. दोन्ही चूक. आपल्याकडे तपासणीत गाडीचे वय नव्हे, तिची स्थिती बघतात. राजदूत, येझदी, जुनी बुलेट, १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १०० यांपैकी कोणतीही गाडी नीट राखलेली असेल, तर पास होऊ शकते.

‘इंजिन तर खणखणीत हाय!’

गाडी परत पाठवली की मालकाचे पहिले वाक्य हेच असते. एका किकला सुरू होते, चढाला दम टाकत नाही, मग नापास का? कारण तपासणी इंजिनाच्या ताकदीची नसतेच. ब्रिटनमध्ये मोटारसायकल तीन वर्षांची झाली की तिला दरवर्षी ‘एम.ओ.टी.’ नावाची तपासणी असते. त्यात इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची स्थिती बघतच नाहीत. बघतात ते दिवे, ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन. नापास होणाऱ्या गाड्यांत दिव्यांचे दोष ठळक असतात. तिथे चाळीस वर्षांपुढील बहुतेक गाड्यांना २०१८ पासून ही तपासणी माफ आहे, पण गाडी रस्त्यावर आणण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाला माफ नाही.

आपल्याकडेही गाडी अडते ती अशाच बारक्या बाबींवर.

नंबर : निरीक्षक आधी चेसिस आणि इंजिन नंबर आर.सी. बुकाशी ताडून बघतो. चेसिस नंबर बहुधा हँडलच्या मानेजवळ ठोकलेला असतो. गंज चढलेला किंवा रंगाखाली बुजलेला नंबर वाचता आला नाही, की काम तिथेच थांबते. इंजिन बदलले असेल आणि ते बुकात चढवलेले नसेल तरी तेच. काही हौशी मंडळींनी बुलेटला डिझेल इंजिने बसवली. परवानगीवाचून केलेला असा बदल कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो.

दिवे : जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांचा दिवा गाडी हळू झाली की मंदावतो. त्यात काच धुरकट आणि रिफ्लेक्टर काळवंडलेला. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा बंद असल्याचे तर चालवणाऱ्याला दिसतच नाही. बहुतेक वेळा दोष गंजलेल्या अर्थिंगचा असतो. तार खरवडून घट्ट बसवली की काम होते.

ब्रेक : ड्रम ब्रेक दाबल्यावर ड्रमवरची दांडी रॉड किंवा केबलशी काटकोनापलीकडे जात असेल, तर लायनर संपले समजावे. नुसता नट आवळून भागत नाही.

टायर : दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. उन्हाने तडकलेला टायर नक्षी असली तरी बदलावा.

हँडल आणि चाके : पुढचे चाक उचलून हँडल फिरवा. मध्येच अडकत असेल तर कोन सेट गेला. मागचे चाक आडवे हलवून बघा. हलत असेल तर बेअरिंग किंवा स्विंग आर्मचे बुश बघावे.

याशिवाय हॉर्न, आरसा, स्पीडोमीटर आणि मागचा लाल रिफ्लेक्टर. वर्षानुवर्षे बंद असलेला स्पीडोमीटर कित्येकदा केबल बदलताच चालू होतो.

धुराची गोष्ट

३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्यांना (बी.एस. ४ येईपर्यंत) ३.५ टक्के. टू-स्ट्रोक गाडी इथे अडते ती बहुधा मालकाच्या अतिकाळजीने. ‘इंजिन सीझ व्हायला नको’ म्हणून पेट्रोलमध्ये जादा ऑइल ओततात. कंपनीने दिलेले प्रमाणच ठेवावे, सायलेन्सरमधला कार्बन काढून घ्यावा, एअर फिल्टर साफ करावा आणि गाडी चांगली गरम करूनच पी.यू.सी.ला न्यावी. जुन्या गाड्यांचे पी.यू.सी. सहा महिनेच चालते हेही ध्यानात ठेवावे.

कागद राहिला तर काय जाते?

नूतनीकरणासाठी नमुना २५ मध्ये अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीचे नूतनीकरण शुल्क १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारसायकलीला ते २,००० रुपये केले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली की दर महिन्याला ३०० रुपये जादा. दोन वर्षे टाळाटाळ केली तर नुसते विलंबाचे ७,२०० रुपये होतात. तेवढ्यात ब्रेक, टायर आणि वायरिंग नवे होऊन वर पैसे उरतील.

याहून मोठा धोका विम्याचा. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे विमा करारातील मूलभूत शर्त मोडणे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. ते प्रकरण तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीचे होते. अपघातात तिचे नुकसान झाले आणि मालकाला भरपाई मिळाली नाही. समोरचा माणूस जखमी झाला, तर त्याला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू पाहते. तेव्हा प्रश्न गाडीचा राहत नाही, जमिनीवर येतो.

हंगामाआधीचे ओव्हरहॉलिंग

कायदा दरवर्षी विचारत नाही म्हणून आपणही विचारायचे नाही, असे नको. हंगामात रस्त्यावर काय असते ते सर्वांना ठाऊक आहे. उसाने भरलेल्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, पंक्चर होऊन अंधारात कडेला उभी असलेली ट्रॉली, रस्त्यावर सांडलेले वाढे. अशा वेळी सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा आणि घासलेला ब्रेक घेऊन निघणे म्हणजे जिवाशी खेळ. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्या सभासदांनीही मागे रिफ्लेक्टर लावूनच गाडी फडातून बाहेर काढावी. समोरून येणारा जुन्या गाडीवरचा माणूस आपल्याच गावचा असतो.

तेव्हा दसऱ्याला गाडी धुऊन हार घालण्याआधी एक दिवस ती फिटरकडे न्यावी. दिवे, ब्रेक, टायर, कोन सेट, हॉर्न आणि नंबर एवढे बघून घ्यावे. त्याच दिवशी आर.सी. बुक काढून नोंदणीची शेवटची तारीख वाचावी आणि घरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी. दरवर्षी हे करणाऱ्याची गाडी पंधराव्या वर्षी, विसाव्या वर्षी आणि पंचविसाव्या वर्षीही तपासणीला निर्धास्त उभी राहील. बॉयलरला जो न्याय, तोच आपल्या गाडीला लावावा.