न विकलेल्या मालाचा भार कोणावर? : कावेरी त्रिभुज प्रदेशातील गृहसजावटीचे छोटे दुकान

कावेरीचा त्रिभुज प्रदेश तमिळनाडूचे भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. ज्या गाळाने येथील शेती समृद्ध केली, त्याच गाळाने येथील कारागिरीलाही आधार दिला आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै येथे पंचधातूच्या मूर्तींचे साचे नदीकाठच्या मातीचे बनतात. नाचियारकोविल येथे पितळी समया ओतताना नदीची वाळू उपयोगी पडते. मान डोलावणाऱ्या तंजावरी बाहुल्या मुळात मातीच्याच. पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीच्या पांढऱ्या गाभ्यातून मंदिरांच्या प्रतिकृती कोरल्या जातात. या कामास ‘नेट्टी’ म्हणतात. सोन्याच्या वर्खाने मढविलेल्या तंजावर चित्रांना मराठा राजवटीत, विशेषतः दुसरे सरफोजी राजे (१७९८-१८३२) यांच्या काळात, मोठा आश्रय मिळाला.

अशा वस्तू एकत्र मांडून गावातच गृहसजावटीचे छोटे दुकान सुरू करणे हा ग्रामीण स्वयंरोजगाराचा सोपा मार्ग वाटतो. माल जवळच तयार होतो, त्याची कीर्ती दूरवर आहे आणि जागेचे भाडे शहरापेक्षा कमी आहे. तरीही अशा दुकानाचे यश एका प्रश्नावर अवलंबून असते : वस्तू तयार झाल्यापासून विकली जाईपर्यंत तिच्यात अडकलेला पैसा कोणाचा?

मागणीचे दोन प्रवाह

या दुकानाला दोन प्रकारचे ग्राहक मिळतात. पहिला पर्यटक. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. २००४ मध्ये दारासुरम व गंगैकोंडचोळपुरम येथील मंदिरांचीही त्यात भर पडली. पर्यटक सहज नेता येईल अशी, हलकी व मध्यम किमतीची वस्तू पसंत करतो. दुसरा ग्राहक म्हणजे परिसरातील कुटुंब. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याची ‘गोलू’ची प्रथा, कार्तिकै दीपम् आणि लग्नात समई देण्याची रीत यांमुळे ही मागणी टिकून आहे.

स्थानिक मागणी मात्र शेतीच्या उत्पन्नाशी बांधलेली आहे. मेट्टूर धरणातून सिंचनासाठी पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून ही आहे. पाणी वेळेवर आले तर ‘कुरुवै’ हे अल्पमुदतीचे भातपीक सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत हाती येते. त्यानंतर ‘सांबा’ पिकाची कापणी जानेवारीच्या सुमारास होते. पाणी लांबले की कुरुवैचे क्षेत्र घटते आणि त्याचा परिणाम सणाच्या खरेदीवर होतो. जुलै-ऑगस्टमधील ‘आडी’ महिन्यात सहसा विवाह होत नाहीत. म्हणून समयांची मागणी मंदावते. बाहुल्या व समया घडविण्याचे काम मात्र सणाच्या कित्येक आठवडे आधी सुरू करावे लागते. खर्च आधी व उत्पन्न नंतर, हे या व्यवसायाचे मूळ स्वरूप आहे.

फिरतीचे गणित

दुकानाच्या जागेत, कपाटांत व दिव्यांत गुंतलेली रक्कम म्हणजे स्थिर भांडवल, तर मालसाठ्यात व उधारीत गुंतणारी रक्कम म्हणजे खेळते भांडवल. नवा दुकानदार बहुधा पहिल्याचा हिशेब काटेकोरपणे करतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, दुकानात खरेदी किमतीने सरासरी २ लाख रुपयांचा माल आहे. खरेदी किमतीवर ३० टक्के वाढवून तो विकला जातो. भाडे, वीज, मदतनिसाचे वेतन आणि व्याज मिळून वर्षाचा खर्च दीड लाख रुपये आहे. हा साठा वर्षातून दोनदा फिरला, तर ४ लाखांचा माल विकला जाऊन १ लाख २० हजार रुपये सुटतात. म्हणजे ३० हजार रुपयांचा तोटा. तोच साठा चार वेळा फिरला, तर २ लाख ४० हजार रुपये सुटतात आणि ९० हजार रुपये शिल्लक उरतात. माल तोच, दुकान तेच आणि दरही तेच. फरक केवळ फिरतीचा आहे.

यामुळे मोठे तंजावर चित्र आणि छोटी बाहुली यांना एकाच मापाने मोजता येत नाही. चित्रावर एका विक्रीत अधिक रक्कम सुटत असली, तरी ते महिनोन्‌महिने भिंतीवर राहू शकते. २०२४ व २०२५ मध्ये सोन्याचे दर झपाट्याने वाढल्याने अशा चित्रात अडकणारी रक्कमही वाढली. बाहुल्या, नेट्टीच्या छोट्या प्रतिकृती व लहान समया यांनी दुकानाचा दैनंदिन खर्च भागवावा आणि मोजकी चित्रे नमुना म्हणून ठेवून मोठी कामे आगाऊ रक्कम घेऊन करवावीत, अशी रचना अधिक सुरक्षित ठरते.

रोखीचा माल आणि जांगड माल

भांडवल अपुरे असले की दुकानदार जांगड पद्धतीकडे वळतो. जांगड म्हणजे माल विकला गेला तर पैसे द्यायचे, नाही तर माल परत करायचा. दुकानदाराच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. तथापि यात जोखीम नाहीशी होत नाही. ती कारागिराकडे सरकते.

समजा, एका चित्राच्या फळी, वर्ख, खडे आणि रंगांसाठी कारागिराने दरमहा ३ टक्के व्याजाने १० हजार रुपये उचलले आणि चित्र सहा महिने दुकानात पडून राहिले. व्याजाचेच १,८०० रुपये होतात व ते त्याच्या मजुरीतून जातात. तेवढीच रक्कम वार्षिक ५ टक्के दराने मिळाली असती, तर व्याज २५० रुपये झाले असते. म्हणजे मजुरी किती मिळणार, हे केवळ कौशल्यावर नव्हे, तर कर्जाच्या दरावरही ठरते.

कर्ज व कायद्याचा आधार

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना ५ टक्के सवलतीच्या व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. बाहुल्या व खेळणी बनविणारे, तसेच टोपल्या व चटया विणणारे या यादीत आहेत. चित्रकाराचा व्यवसाय त्यात स्वतंत्रपणे नाही. त्याला व दुकानदाराला २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेचा मार्ग आहे. तिच्या ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’मध्ये ५ लाख व ‘तरुण’मध्ये १० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते.

देयकांच्या विलंबाबाबत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ महत्त्वाचा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाने पुरविलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या तारखेस, आणि कोणत्याही स्थितीत स्वीकृतीपासून ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. परंतु जांगड मालात स्वीकृतीची तारीखच लेखी नसेल, तर या तरतुदीचा आधार घेणे कारागिराला कठीण जाते. एक साधी चिठ्ठी, तिच्यावर वस्तू, किंमत व परतीची मुदत, एवढ्यानेही त्याची बाजू बळकट होते.

मानांकनाचा खरा उपयोग

भौगोलिक मानांकन कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. तंजावर चित्रे, तंजावर बाहुल्या, स्वामीमलैच्या मूर्ती, नाचियारकोविलची समई व तंजावर नेट्टी यांना हे मानांकन मिळाले आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. विशेष म्हणजे, हस्तकलेच्या बाबतीत कायद्यातील ‘उत्पादक’ या संज्ञेत वस्तू घडविणाऱ्याबरोबर तिचा व्यापार करणाऱ्याचाही समावेश होतो. त्यामुळे दुकानदारही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीसाठी अर्ज करू शकतो.

मानांकनामुळे नावाचे संरक्षण होते. किंमत आपोआप वाढत नाही. वर्खाऐवजी सोनेरी कागद लावलेले चित्र शेजारीच निम्म्या दराने मिळत असेल, तर ग्राहकाला फरक समजावून सांगणारा कोणीतरी हवा. वर्ख कोणता, फळी कशाची, काम कोणत्या गावचे, हे बिलावर लिहून देणारे दुकान मानांकनाला बाजारात अर्थ देते.

गावातील छोटे दुकान म्हणूनच केवळ विक्रीचे ठिकाण राहत नाही. ते कारागिराकडून रोखीने माल घेऊ शकले, तर त्याच्यासाठी वित्तपुरवठ्याचेही काम करते. स्वयंसहाय्यता गटांनी अशी दुकाने चालवावीत आणि बँकांनी मालसाठ्यासाठी पिकांच्या व सणांच्या वेळापत्रकाशी जुळणारे कर्ज द्यावे, ही दिशा उपयुक्त ठरेल. शेतकऱ्याला पेरणीपूर्वी पीककर्ज लागते, ही बाब धोरणाने फार पूर्वीच मान्य केली आहे. बाहुली घडविणाऱ्यालाही नवरात्रापूर्वी तशीच गरज असते, हे मान्य होणे अद्याप बाकी आहे.